दोनशे अठ्ठावन्न की पाचशे तेरा?

गेल्या पावसाळ्यात एका विहिरीचं पाणी आमच्या पडद्यावर एका रात्रीत पाच मीटरच्या वर चढलं. प्रत्यक्षात ते दोन सेंटिमीटर चढलं होतं. विहिरीवरच्या यंत्राने पाठवलेले आकडे होते 257, 258, 259. पडद्यावर उमटले 257, 513, 769. यंत्र धड होतं, सर्व्हर धड होता. सोळा बिटांच्या आकड्यातले दोन बाइट उलटे वाचले गेले, एवढंच झालं. 258 हा आकडा म्हणजे आधी 1 आणि मग 2 असे दोन बाइट. ते उलटे लावा, 513 होतात. 257 मध्ये दोन्ही बाइट 1च आहेत, त्यामुळे तो कसाही वाचला तरी 257च राहतो. आणि आमच्या नव्या मुलाने चाचणीला नेमका तोच आकडा घेतला होता. चाचणी पास झाली.

सगळे त्या मुलावर तुटून पडले. मी पडलो नाही, आणि आजही पडणार नाही. यंत्राच्या माहितीपत्रकात क्रमाविषयी एक अक्षर नव्हतं, हा पहिला गुन्हा. पण मोठा गुन्हा त्या भाषेचा, जिच्यात त्याने कोड लिहिला. जावास्क्रिप्टमध्ये एकाच जातीचे आकडे मेमरीत शेजारी शेजारी ठासून ठेवायला टाइप्ड ॲरे असतात. बाहेरून आलेले कच्चे बाइट बफरमध्ये घ्या, त्यावर सोळा बिटांचा टाइप्ड ॲरे ठेवा, आकडे तयार. कोणत्या क्रमाने? ज्या यंत्रावर कोड चालतोय त्याच्या क्रमाने. भाषा विचारत नाही, सांगत नाही. आमचे लॅपटॉप लिटल एंडियन, म्हणजे लहान बाइट आधी ठेवणारे. विहिरीवरचं यंत्र बिग एंडियन, म्हणजे मोठा बाइट आधी पाठवणारं. झालं वाटोळं.

मग त्या मुलाने त्याच बफरवर डेटाव्ह्यू, म्हणजे जावास्क्रिप्टमधलीच बाइट वाचायची दुसरी सोय, ठेवला आणि तोच आकडा मागितला. 258 आला, बरोबर. कारण डेटाव्ह्यूला क्रम सांगितला नाही तर तो बिग एंडियन धरून चालतो. म्हणजे एकच भाषा, एकच बफर, तेच दोन बाइट. एका दाराने गेलात तर 513, दुसऱ्या दाराने गेलात तर 258. दोन्ही दारांवर पाटी नाही. याला सोय म्हणणाऱ्यांची मला चीड येते.

कारण काय, तर वेग. टाइप्ड ॲरे आले वेबजीएलसाठी, म्हणजे ब्राउझरमधल्या ग्राफिक्ससाठी. ग्राफिक्स कार्डाला आकडे यंत्राच्याच क्रमाने लागतात, उलटापालट करत बसलं तर चित्र अडखळतं. मान्य. पण ग्राफिक्ससाठी केलेली ही सोय 2015 च्या प्रमाण भाषेत सगळ्यांसाठी तशीच कायम झाली आणि फाइल वाचणारा, सेन्सर वाचणारा प्रत्येकजण तिच्या तावडीत सापडला. वेग हवा होता तर नावातच लिहायचं होतं की हा यंत्राच्या क्रमाचा ॲरे आहे. हे जमण्यासारखं नव्हतं असं कुणी सांगू नये. स्कीम भाषेच्या 2007 च्या प्रमाणात बाइटव्हेक्टरमधून सोळा किंवा बत्तीस बिटांचा आकडा काढायचा तर क्रम लिहावाच लागतो. यंत्राचा क्रम हवा असेल तर ज्या फंक्शनच्या नावात ‘नेटिव्ह’ आहे ते वापरावं लागतं. रस्टमध्ये आकड्याचे बाइट करणारी तीन वेगळी फंक्शनं आहेत आणि तिन्हींच्या नावात क्रम आहे. लिहिणाऱ्याला चार अक्षरं जास्त टंकावी लागतात. त्या चार अक्षरांचा कंटाळा म्हणून आमच्या विहिरीत पाच मीटर पाणी चढलं.

मराठी माणसाला हा प्रश्न समजावून सांगायची गरज पडू नये. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी, वीस मागून. लिहिताना 2 आधी, 5 मागून. ‘एकशे पंचवीस’मध्ये शतक आधी, मग एकक, मग दशक. जुन्या पीडीपी-11 वर बत्तीस बिटांचा आकडा अगदी असाच ठेवत: मोठा अर्धा भाग आधी, पण प्रत्येक अर्ध्यात लहान बाइट आधी. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला. बाजू कुणीही कोणतीही घेवो, तिथे क्रम पानावर छापलेला होता, म्हणून भांडता तरी आलं. इथे क्रम लिहिलेलाच नाही.

कोणता क्रम चांगला, या भांडणात मला रस नाही. डॅनी कोहेन यांनी 1 एप्रिल 1980 रोजी ‘बिग एंडियन’ आणि ‘लिटल एंडियन’ ही नावं स्विफ्टच्या गलिव्हरमधल्या अंडं फोडणाऱ्यांवरून उचलली आणि हेच बजावलं की कोणताही एक क्रम ठरवा, पण ठरवा.

‘आता सगळी यंत्रं लिटल एंडियनच आहेत, कशाला डोकं खाता?’ हे मी दर महिन्याला ऐकतो. यंत्रं असतील. पण इंटरनेटच्या पाकिटांवरचे आकडे बिग एंडियन आहेत, जावाच्या क्लास फाइली बिग एंडियन आहेत. नकाशांच्या शेपफाइलमध्ये तर एकाच हेडरात दोन्ही क्रम आहेत. हस्तलिखित अंकांचा एमनिस्ट संच मशीन लर्निंग शिकणाऱ्या बहुतेकांच्या हाताखालून जातो. त्याचं हेडर उलटं वाचलंत तर 28 ओळींचं चित्र 46,97,62,048 ओळींचं होतं. निदान तिथे चूक डोळ्यांत भरते. 513 डोळ्यांत भरत नाही, आणि मला भीती त्याचीच आहे. अक्षरं सोळा बिटांच्या आकड्यांत साठवणारी यूटीएफ-16 पद्धत ठरवणाऱ्यांना हे कळलं होतं. ‘क’ म्हणजे 09 आणि 15. उलटा वाचला तर कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या लिपीतलं अक्षर निघतं. म्हणून फाइलीच्या तोंडाशीच क्रमाची खूण ठेवायची सोय त्यांनी केली. टिफ चित्रांच्या फाइलीतही पहिले दोन बाइट याच कामाचे.

आमच्याकडे आता बाहेरून आलेल्या बाइटांवर थेट टाइप्ड ॲरे ठेवलेला कोड मी परत पाठवतो, लिहिणारा कितीही ज्येष्ठ असो. पण आमच्या पडद्यावरचे आकडे रोज एका फाइलीतही साठत होते. दुरुस्ती ज्या आठवड्यात झाली त्यातल्या काही नोंदी जुन्या कोडने गेल्या, काही नव्याने, आणि कोणती कशाने गेली याची खूण कुठेच नाही. त्यात एका पहाटेची नोंद 513 आहे. त्या आठवड्यात पाऊसही जोराचा झाला होता. पाणी 2.58 मीटर होतं की खरोखरच 5.13, हे आता मला सांगता येत नाही.