शिकाऱ्याचा हात कुठे थांबतो?

शिकार म्हणजे केवळ जनावर मारणे नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य प्राण्याला पकडणे, फासात अडकवणे, आमिष दाखवणे, हाकलत नेणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे ही सगळी शिकारच आहे. पाखराची अंडी उचलली किंवा घरटे विस्कटले, तरी तीही शिकारच. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग धरून, त्यांची पूजा करून, त्यांना पुन्हा रानात सोडण्याची जुनी रीत होती. तीही याच व्याख्येत आली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिला आळा बसला.

व्याख्या इतकी रुंद ठेवली म्हणून पळवाटा कमी झाल्या, हे चांगलेच झाले. पण कायदा शिक्षा ठरवतो ती मेलेला प्राणी कोणत्या अनुसूचीत आहे ते पाहून. मारणाऱ्याने तो कशासाठी मारला, हा प्रश्न त्याने मोजक्याच ठिकाणी मोकळेपणाने विचारला आहे. कलम ११ नुसार स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी, सद्‌भावनेने वन्य प्राणी मारला तर तो गुन्हा होत नाही. कलम ६५ नुसार निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क या कायद्याने बाधित होत नाहीत. म्हणजे हेतूला किंमत आहे, हे कायद्यालाही मान्य आहे. बाकी बहुतेक ठिकाणी हेतूचा निवाडा समाज करतो, आणि तो करताना शिकाऱ्याची जात, कपडे आणि गाडी पाहतो. या पत्रकाचा आक्षेप या रीतीवर आहे.

हेतू तोलायला एक साधी कसोटी आहे: मारणाऱ्याचा हात आपोआप थांबतो का, आणि थांबत असेल तर कुठे?

भुकेसाठी होणारी शिकार पोट भरले की थांबते. महाराष्ट्रात याचे नीट नोंदलेले एक उदाहरण भटक्या जमातींचे आहे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या तीन भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला. फासेपारधी फासे लावून काळवीट, मोर, तितर धरत. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड मिळवत. वैदूंचा भर मुंगूस, उदमांजर, रानमांजर अशा लहान जनावरांवर आणि पाण्यातल्या कासव-खेकड्यांवर असे. एकाच माळावर फिरणाऱ्या या तीन जमाती एकमेकींच्या वाट्याला फारशा जात नसत. फासेपारध्यांच्या फासात गाभण मादी किंवा पाडस सापडले, तर ते सोडून देण्याची त्यांची रीत होती. यामागे धर्मभावना असेल, पुढच्या वर्षाच्या अन्नाचा हिशेब असेल किंवा दोन्ही असतील. पण हात थांबत होता, आणि तो थांबवायला कोणी पहारेकरी लागत नव्हता.

याच माणसांना इंग्रजी राज्याने जन्माने गुन्हेगार ठरवले. १८७१ साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याची कक्षा पुढे वाढत गेली. मुंबई इलाख्यातले पारधी त्यात आले आणि कित्येक कुटुंबांना काटेरी तारेच्या सेटलमेंटमध्ये राहावे लागले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. वीस वर्षांनी वन्यजीव कायदा आला आणि ज्या पारधीवरून या लोकांना नाव मिळाले, ती पारध गुन्हा ठरली. काळवीट आणि माळढोक वाचवायचे होते, म्हणून बंदी आवश्यकच होती. पण बंदी घालणाऱ्या शासनाने या लोकांना बदल्यात जमीन, काम, शाळा यांची खरी सोय करून दिली नाही. आजही गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात. पोटासाठी तितर धरणाऱ्याचा हेतू सर्वांत सौम्य असताना त्याची बदनामी सर्वांत मोठी झाली.

शौकाची शिकार याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिला भूक नाही, म्हणून तृप्तीही नाही. डिसेंबर १९११ मध्ये पाचवा जॉर्ज दिल्ली दरबारानंतर नेपाळच्या तराईत गेला. दहा-अकरा दिवसांत त्याच्या लवाजम्याने ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर अकराशेहून अधिक वाघांची नोंद सांगितली जाते. कोरिया संस्थानाच्या राजाने १९४७ साली रात्री गाडीतून जाताना तीन चित्ते टिपले. भारतातल्या रानटी चित्त्यांची ती शेवटची खात्रीची नोंद मानली जाते, आणि १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पहिल्या मोठ्या गणनेत, १९७२ साली, देशात १,८२७ वाघ मोजले गेले. शौकाच्या शिकारीत मेलेल्या जनावराचा उपयोग भिंतीवर मुंडके लावण्यापुरता आणि वहीत आकडा वाढवण्यापुरता असतो. आकड्याला शेवट नसतो, म्हणून ही शिकार शिकाऱ्याच्या मनातून कधी थांबत नाही. ती रान संपल्यावर थांबते.

या शौकाच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. राजेरजवाड्यांनी शिकारीसाठी राने राखली म्हणून ती आज शिल्लक आहेत, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. कोल्हापूरच्या महाराजांचे शिकारीचे राखीव रान दाजीपूर येथे होते, आणि १९५८ साली तेच गव्यांचे अभयारण्य झाले. पण राखलेल्या त्या रानात सरपण गोळा करणाऱ्या बाईला मज्जाव होता आणि राजाच्या बंदुकीला मोकळीक होती. कोल्हापूरसह काही संस्थानांत काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. देशी चित्ते दुर्मीळ झाले तेव्हा ते आफ्रिकेतून मागवले गेले. खेळासाठी एका प्राण्याने दुसऱ्याला मारायचे आणि मारणारा संपला की परदेशातून नवा आणायचा, याला संवर्धन म्हणणे कठीण आहे.

आजच्या काळात हाच युक्तिवाद पैशाच्या भाषेत मांडला जातो. २०१४ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात नामिबियातल्या एका काळ्या गेंड्याला मारण्याचा परवाना साडेतीन लाख डॉलरला लिलावात गेला. पाकिस्तानच्या उत्तरेकडील डोंगरांत मारखोर या रानबोकडाच्या मोजक्या शिकारींचे परवाने परदेशी शिकाऱ्यांना विकतात. त्या रकमेतला सुमारे ८० टक्के वाटा तिथल्या गावांना मिळतो, आणि मारखोरांची संख्या वाढली आहे. हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथे हात थांबतो तो शिकाऱ्याच्या संयमाने नव्हे. गावकऱ्यांनी आणि सरकारने दरवर्षीचा आकडा बांधून दिलेला असतो. श्रेय त्या गावांचे आहे, गोळी झाडणाऱ्याचे नाही. शिवाय ताडोब्याच्या आसपासच्या गावांत मार्गदर्शक, जिप्सीचालक आणि राहण्या-जेवणाची सोय करणारी कुटुंबे जिवंत वाघावर रोजी मिळवतात. एकच वाघ वर्षानुवर्षे दिसत राहतो. मारलेला वाघ एकदाच विकता येतो.

व्यापारासाठी होणाऱ्या शिकारीचा हात मागणीशी बांधलेला असतो. वाघाचे कातडे, हाडे, नखे आणि खवल्या मांजराचे खवले यांचा बाजार मुख्यतः देशाबाहेर आहे, त्यामुळे इथल्या रानात किती उरले याच्याशी गिऱ्हाइकाचा संबंध नाही. २००५ पर्यंत राजस्थानच्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पातला शेवटचा वाघही संपला होता. मेळघाटात २०१३ साली वाघांच्या शिकारीच्या प्रकरणांत मध्य प्रदेशातल्या टोळ्या पकडल्या गेल्या. या साखळीत दोन प्रकारची माणसे आहेत. सापळा लावणारा बहुधा भूमिहीन असतो, त्याला मिळणारी रक्कम शेवटच्या किमतीचा लहानसा तुकडा असतो, आणि पकडला जातो तोही बहुधा तोच. पैसा लावणारा आणि माल सीमेपार नेणारा शहरात असतो. दोघांच्या हेतूत फरक आहे, आणि तपास पहिल्याशी थांबला तर दुसऱ्याला नवा सापळेवाला शोधायला फार दिवस लागत नाहीत.

सर्वांत अवघड प्रश्न शेतकऱ्याचा आहे, आणि शहरातल्या वन्यजीवप्रेमींनी त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले आहे. विदर्भात रोही आणि रानडुकरांचा कळप एका रात्रीत हरभरा, तूर, कपाशी झोपवून जातो. माणसे महिनोन्‌महिने शेतात जागलीला असतात. दिवसभर राबून रात्री मचाणावर बसणाऱ्या माणसाला वन्यजीव म्हणजे देशाचा वारसा आहे हे सांगायचे असेल, तर त्या वारशाची किंमतही देशाने भरली पाहिजे. नुकसानीचा पंचनामा वेळेवर होत नाही, भरपाई उशिरा येते आणि ती प्रत्यक्ष नुकसानीला पुरत नाही, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. पीक राखण्याचा त्याचा हेतू रास्त आहे आणि स्वभावतः तो धोका टळला की थांबणारा आहे.

पण हेतू थांबणारा असला तरी हत्यार थांबणारे असावे लागते. विजेच्या तारेवर आकडा टाकून कुंपणात प्रवाह सोडला, की तो रानडुकराची वाट पाहत नाही. त्यात वाघ मेले आहेत, शेजाऱ्याचा बैल मेला आहे, पहाटे पाणी द्यायला निघालेला माणूस मेला आहे. कोकणात डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटे अडकतात आणि तासन्‌तास तडफडतात. ठासणीच्या बंदुकीने शेत राखणाऱ्याला निदान समोर काय आहे ते दिसते. फासकी आणि विजेची तार यांना डोळे नाहीत. म्हणून रास्त हेतूनेही ही दोन साधने समर्थनीय ठरत नाहीत.

माणसांवर हल्ले करणाऱ्या जनावराला मारावे लागते, तेव्हाही शौक आत शिरू नये याची काळजी घ्यावी लागते. १९०७ साली जिम कॉर्बेटने चंपावतची वाघीण मारली; तिच्या नावावर ४३६ बळी सांगितले जात. ती गरज होती. यवतमाळ जिल्ह्यात अवनी या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला बाहेरून बोलावलेल्या खासगी पथकाने गोळी घातली. त्या वेळी पशुवैद्य हजर नव्हता आणि बेशुद्ध करण्याची पद्धत नीट पाळली गेली नाही, यावर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीने बोट ठेवले. घरातली माणसे गमावलेल्या गावकऱ्यांची भीती खरी होती. म्हणूनच तिला पकडण्याचे किंवा मारण्याचे काम वनखात्याच्या स्वतःच्या, प्रशिक्षित आणि जबाबदार माणसांनी करायला हवे होते.

सणाच्या शिकारीबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. झारखंडच्या दलमा डोंगरात दर उन्हाळ्यात आदिवासींचा सेंदरा, म्हणजे सामूहिक शिकारीचा सण, होतो. तो एका दिवसापुरता असतो, त्यामुळे त्याला थांबा आहे. पण हजारो माणसे एकाच रानात उतरली तर तो एक दिवसही फार मोठा ठरतो. अशा ठिकाणी प्रतीकात्मक विधीकडे वळण्याचा निर्णय त्या समाजातूनच आला तर तो टिकतो, आणि शिराळ्याचा नागसुद्धा मातीच्या मूर्तीत पुजता येतो.

या सर्वांवरून काही मागण्या थेट निघतात. पोटासाठी लहान पक्षी धरणाऱ्याचा आणि तस्करांच्या टोळीचा खटला एकाच नजरेने चालू नये. गुन्हा कशासाठी घडला याची स्वतंत्र नोंद वनखात्याने करावी आणि शिक्षा ठरवताना न्यायालयांनी ती विचारात घ्यावी. व्यापाराच्या प्रकरणांत पैसा लावणाऱ्यापर्यंत पोहोचल्याशिवाय तपास पूर्ण झाला असे मानू नये. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा ठरलेल्या दिवसांत झाला नाही, तर त्या उशिराची जबाबदारी संबंधित अधिकाऱ्यावर असावी. सौर कुंपणाचा खर्च सरकारने उचलावा, आणि आकडा टाकून प्रवाह सोडणाऱ्यावर हेतू न पाहता कारवाई व्हावी. हल्लेखोर जनावरासाठी खासगी शिकाऱ्यांना बोलावणे बंद करावे.

पारध्यांना रानाचे राखणदार म्हणून पगारी काम द्यावे. अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवर फासेपारधी आज तणमोर शोधायला, त्याची घरटी राखायला आणि माळ टिकवायला मदत करतात. लपलेला पक्षी कुठल्या झुडपात आहे हे त्यांना आवाजावरून कळते, आणि हे ज्ञान कोणत्याही खात्याकडे नाही.