६ गिगाहर्ट्झ आलं तरी वाय-फायचा वेळ जातो कुठे?

मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा पट्टा वाय-फायसाठी परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा काढला. गर्दी कमी होईल, मान्य. पण वाय-फायचा बराच वेळ डेटा पाठवण्यात जातच नाही. तो जातो थांबण्यात.

हिशोब सोपा राहावा म्हणून १९९९ चं ८०२.११ए घेऊ, वेग ५४ एमबीपीएस. १५०० बाइटचं पॅकेट, हेडर धरून, हवेत २४८ मायक्रोसेकंद असतं. त्याआधी फोन ३४ थांबतो, मग टक्कर टाळायला सरासरी ६७.५ आणखी. पॅकेट पोचल्यावर १६ ची उसंत आणि २८ ची पोचपावती. एकूण ३९३.५. म्हणजे ५४ मधले हाती साडेतीस.

आता समजा, तुम्ही बेडरूममध्ये आणि भाऊ गॅलरीत. राऊटरला दोघांचे फोन ऐकू येतात, पण त्या फोनना एकमेकांचं काही कळत नाही. दोन्ही एकदम बोलतात आणि पॅकेट आदळतात. उपाय म्हणजे आधी जागा धरणं. फोन आरटीएस पाठवून विचारतो, 'पाठवू का?' राऊटर सीटीएसने 'पाठव' म्हणतो. ते भावाच्या फोनलाही ऐकू जातं आणि त्यात सांगितलेल्या वेळेपुरता तो गप्प बसतो. या सौजन्याची किंमत? दोन संदेश २८-२८ चे, प्रत्येकामागे १६ ची उसंत, म्हणजे ८८ जादा. वेग २५ च्या खाली.

बदल्यात टक्कर झालीच तर २४८ ऐवजी २८ वाया जातात, २२० वाचतात. ढोबळमानाने पाच पॅकेटमागे दोन टकरी होत असतील, तर सौदा बरोबरीत. गेममधलं १०० बाइटचं पॅकेट मात्र ४४ मध्ये उरकतं. तिथे वाचणार १६ आणि भरायचे ८८!

म्हणून 'गेमिंगसाठी आरटीएस थ्रेशोल्ड कमी करा' हा सल्ला मला पटत नाही. बऱ्याच राऊटरवर तो आकडा २३४७ असतो, म्हणजे १५०० बाइटचं पॅकेट त्याच्या आतच राहतं आणि आरक्षण जवळपास बंद. शिवाय ती सेटिंग सहसा राऊटरच्या स्वतःच्या पॅकेटना लागते. तुमचा फोन काय करेल ते फोनच ठरवतो. त्यापेक्षा राऊटर घराच्या मध्यावर आणा, ते जास्त उपयोगी.

नव्या पट्ट्यातही ती १६ ची उसंत तशीच आहे. २००९ च्या ८०२.११एनपासून अनेक पॅकेटांची मोळी बांधून एकदाच थांबायची सोय आली, त्याने मोठी डाउनलोड खरंच सुधारली. पण गेमचं पॅकेट मोळीची वाट बघत बसू शकत नाही. त्याला ६ गिगाहर्ट्झचा फायदा एवढाच, की रांगेत माणसं कमी. तेही फोन आणि राऊटर दोन्ही वाय-फाय ६ई किंवा पुढचे असतील तर.