लाज वाटते? शेजारच्या घरापासून सुरू करा



मतदार यादी पाड्यापाड्यात जाऊन वाचायची, असं बैठकीत ठरलं की सगळे माना डोलावतात. पण "कोण जाणार?" म्हटलं की पोरं-पोरी जमिनीकडे बघायला लागतात. "आपल्याला बोलता नाय येत." "लोक हसतील."

ही लाज जन्माची नाही. लग्नात रात्रभर गाणी म्हणणारी, होळीला ढोलावर नाचणारी माणसं लाजाळू कशी? आपला आवाज बसतो तो कचेरीच्या टेबलासमोर. तिथे साहेबाच्या भाषेत बोलावं लागतं, चुकलं की खेकसतात. तीच भीती आपण घरी घेऊन येतो. पण पाड्यात कुठला साहेब?

आणि हे काम भाषणाचं नाहीच. दोघांनी मिळून जायचं. एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने वहीत लिहायचं. संध्याकाळी माणसं कामावरून आली की काकाच्या, मामाच्या ओट्यावर बसायचं आणि आपल्याच बोलीत विचारायचं : घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का? बापाचं नाव, वय बरोबर आहे का? कोणाला १८ वर्षं झाली? नवी सून आली का? कोण वारलं? जो कमी बोलतो तो नीट ऐकतो. या कामाला तसंच माणूस लागतं.

नाव नसेल तर फॉर्म ६, चूक असेल तर फॉर्म ८. भरून यादीचं काम पाहणाऱ्या गुरुजींकडे किंवा तहसील कचेरीत द्यायचा, पोच घ्यायची. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीला, ऊसतोडीला जातो. दाराला कडी दिसली की "इथे राहत नाहीत" असा शेरा पडून नाव गळू शकतं. ती नावं शेजाऱ्यांनीच सांभाळायची. मतदानाच्या दिवशी नुसतं कार्ड खिशात असून भागत नाही, यादीत नाव लागतं.

याचा जमिनीशी काय संबंध? वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत, नियम १३ मध्ये, मतदार ओळखपत्र हा एक पुरावा धरला आहे. एकट्या त्यावर दावा मंजूर होत नाही, एकाहून जास्त पुरावे लागतात. ते नाही म्हणून हक्क जातो असंही नाही. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावाच आहे. पण १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या यादीत आजोबाचं नाव सापडलं, तर तिची प्रत दाव्याला जरूर जोडा.

दुसरं असं, की मत मागायला येणाऱ्याला आपण विचारू शकतो : "आमच्या दाव्यांचं काय केलंत?" यादीतच नसलेल्या पाड्याला कोण उत्तर देणार?

मत कोणाला द्या, हे मात्र आपण सांगायचं नाही. ते ज्याचं त्याने ठरवावं. बाटलीवर आणि नोटेवर ठरवू नये, एवढंच सांगायचं.

पुढच्या ग्रामसभेआधी प्रत्येकाने एक घर करायचं. पहिल्या घरी आवाज कापेल. चौथ्या घरी लोकच कोरा चहा पुढे करून म्हणतील, "आमचं पण नाव बघ ना!"

जंगल-जमीन आमच्या हक्काची!