४० गुणांपलीकडे

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दहावीचा एकच मुख्य पेपर राहून गेला, भूगोलाचा. पुढे तो रद्दच झाला आणि इतर विषयांच्या सरासरीने गुण दिले गेले. त्याबद्दल कोणी हळहळल्याचे ऐकिवात नाही. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला ४० गुणांचा विषय. नकाशा भरा, जोड्या लावा आणि मोकळे व्हा, एवढीच आपली त्याच्याशी ओळख.

याच विषयाच्या पदवीसाठी दिल्ली विद्यापीठातील मिरांडा हाउस, किरोडीमल अशा महाविद्यालयांत मात्र जागांसाठी चुरस असते. तिथे जाऊ पाहणाऱ्या मराठी मुलांनी एक पक्के ध्यानात घ्यावे. २०२२ पासून हा प्रवेश सीयूईटी या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. बारावीला नव्वद टक्के मिळाले म्हणून गाफील राहिलेल्याची तिथे डाळ शिजत नाही. सध्या एका विषयाला ५० प्रश्न आणि ६० मिनिटे असतात. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकले की १ वजा. अंदाजपंचे ठोकून देणे महागात पडते. अभ्यासक्रम एनसीईआरटीचा, पण त्याचा बाऊ नको. लोकसंख्या, मानवी वस्ती, प्राथमिक ते तृतीयक आर्थिक क्रिया हे सारे आपल्या बारावीच्या पुस्तकातही आहे. उदाहरणे आणि प्रश्नांची धाटणी तेवढी निराळी. पेपर मराठीतून देण्याची सोय आहे, ती जरूर घ्यावी. मात्र दिल्लीच्या वर्गात मराठी नसेल, तेव्हा संज्ञा इंग्रजीतूनही ठाऊक हव्यात.

‘यूपीएससीला उपयोगी पडतो’ म्हणून भूगोल घेणारे पुष्कळ. कारण वाईट नाही, पण तीन-चार वर्षे पुरणारे नाही. अर्ज करण्यापूर्वी एक साधी परीक्षा स्वतःच घ्यावी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. कोल्हापूरजवळचा नकाशा उघडून प्रयाग चिखली शोधा. वीस-वीस मीटर उंचीच्या फरकाने काढलेल्या समोच्च रेषा डोंगराकडे दाटीने येतात आणि गावाभोवती कशा विरळ होतात, नद्या कुठे एकमेकींना मिळतात, हे बोट ठेवून पाहा. मग २०१९ च्या महापुरात हे गाव पाण्याखाली का गेले, ते चार ओळींत लिहा. यात तासभर कसा गेला हे ज्याला कळले नाही, त्याने बेलाशक अर्ज करावा. ज्याला जांभया आल्या, त्याने दुसरा विषय पाहावा. त्यात कमीपणा काही नाही.

आमचे गाऱ्हाणे कनिष्ठ महाविद्यालयांकडे आहे. बारावीला घेतलेल्या विषयांचेच पेपर सीयूईटीत द्यावेत, असा दिल्ली विद्यापीठाचा दंडक आहे. म्हणजे अकरावीला विषय निवडतानाच निम्मा निकाल लागलेला असतो. ही माहिती मुलांना बारावीच्या तोंडी परीक्षेच्या सुमारास कळून उपयोग काय? अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच ती सूचनाफलकावर लावावी.