स्क्रू पिळून इंजिन बरे होत नाही

जुन्या पिकअपचा स्लो, म्हणजे रेस न देता चालणारी इंजिनाची गती, बिघडला, गाडी उभ्या उभ्या थरथरायला लागली, की गॅरेजवाला पहिले काम काय करतो? लॉकनट सैल करतो आणि स्लोचा स्क्रू पिळतो. थरथर थांबते, गिऱ्हाईक खूश होऊन निघून जाते, गॅरेजातली जागा मोकळी होते. या प्रकाराला मी लबाडी म्हणतो. बडोद्यात घडियाळी पोळीत राहून म्हणतो, कारण या लबाडीचा धूर पहाटे आमच्या खिडक्यांतून आत येतो.

मांडवीच्या आसपासच्या पोळी, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्या, बैलगाडीच्या काळातल्या आहेत. दुकानांचा माल, मंडपाचे बांबू, भाड्याची भांडी, सगळे पहाटे जुन्या डिझेल पिकअपांतून येते. नवरात्रात अंबामातेच्या देवळापुढे पुरुषांचा गरबा असतो, तेव्हा तर या फेऱ्या वाढतातच. गाडी चालू ठेवूनच माल उतरवतात, कारण बंद केली तर पुन्हा सुरू होईल याची मालकालाच खात्री नसते. दोन्ही बाजूंना घरे, वर सज्जे, धुराला जायला वाट नाही. अर्धवट जळलेल्या डिझेलचा तो डोळ्यांना झोंबणारा वास ज्याने घेतला आहे, त्याला 'जुनी गाडी आहे, चालायचंच' हे वाक्य ऐकवू नका. जुनी गाडी नीट चालू शकते. ती नीट तपासली जात नाही, एवढेच.

महिंद्राच्या जुन्या पिकअपांत २,५२३ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन असते. स्लोला ते मिनिटाला साधारण आठशे फेरे घेते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो आणि तो बघायची तसदी सहसा कुणी घेत नाही. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला चारशे वेळा. त्यातला एक सिलिंडर मेला तर सेकंदाला सहा-सात वेळा एक ठोका रिकामा जातो. बॉनेटवर तळहात ठेवला तर तो हाताला कळतो, आणि तो एकसारखा असतो. आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, असे होत असेल तर सिलिंडरच्या मागे लागण्याआधी डिझेलच्या लाइनीत हवा शिरते का ते बघायचे. इंजिन सरळ फिरते आणि नुसती केबिन हलते, तर फाउंडेशनची रबरे बसली आहेत. तीन वेगळी दुखणी, तीन वेगळ्या खुणा, आणि ओळखायला एक पैसा लागत नाही. लागतात ती शांतपणे उभे राहण्याची दोन मिनिटे, आणि तीच कुणाला द्यायची नसतात.

आमच्या पोळीतल्या एका मंडपवाल्या काकांच्या पिकअपची हकीकत सांगतो. गॅरेजचे नाव घेत नाही. गाडी स्लोला थरथरायची, रेस दिली की सरळ व्हायची. पहिल्या खेपेला डिझेल फिल्टर बदलला. फरक नाही. मग फीड पंप. फरक नाही. मग चारही नोझल नवे. मग पंप उतरवून पंपवाल्याकडे, सील आणि कॅलिब्रेशन. तरीही थरथर तशीच, तेव्हा शेवटी स्क्रू पिळला आणि काकांना सांगितले, "स्लो वधारी दीधो छे, हवे नहीं हले." खरेच हलेना. काकांनी महिनोन् महिने गाडी तशीच पळवली.

हलेना ती का, हे समजून घ्या, म्हणजे मी लबाडी का म्हणतो ते कळेल. डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या तापावर डिझेल पेटते. आठशे फेऱ्यांना पिस्टन खालून वर यायला सेकंदाचा सुमारे सत्ताविसावा भाग घेतो. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर तेवढ्या वेळात हवा निसटते, ताप कमी पडतो, डिझेल पेटत नाही. फेरे बाराशेवर नेले की तोच प्रवास चाळिसाव्या भागात उरकतो, हवेला निसटायला वेळ कमी मिळतो आणि मेलेला सिलिंडर कसाबसा पेटतो. गळती तिथेच असते. ती वाढत असते. स्क्रूने फक्त ती सांगणारी खूण पुसलेली असते.

पुढे मकरपुऱ्याच्या कारखान्यांत आयुष्य काढलेल्या एका फिटरने ती गाडी आमच्या पोळीच्या तोंडाशीच बघितली. त्याने आधी स्क्रू मागे घेऊन स्लो पुस्तकातल्या आकड्यावर आणला. गाडी पुन्हा थरथरायला लागली. मग डोळ्यांवर चष्मा चढवून म्हणाला, "काका, सतराचा पाना द्या आणि कुणी रेसला हात लावू नका." पहिल्या नोझलच्या पाइपाचा नट अर्धा आटा सैल केला. डिझेल फसफसून बाहेर आले, इंजिन लगेच अडखळले, आवाज खाली बसला. नट आवळला. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याचा नट सैल केला, डिझेल ओघळले आणि इंजिनाला पत्ताच नाही. आवाजात तसूभर फरक पडला नाही. चौथ्याला पुन्हा अडखळले. पाच मिनिटांत ठरले की तिसरा सिलिंडर काम करत नाही.

त्याने तिथे थांबून 'नोझल बदला' म्हटले नाही. तिसऱ्याचा नोझल दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात बसवला, खालचे तांब्याचे वायसर नवे घातले आणि तीच परीक्षा पुन्हा घेतली. दोष नोझलबरोबर हलला असता तर नोझल गुन्हेगार ठरला असता. दोष तिसऱ्यातच राहिला. टॅपेट कव्हर उघडले, तिसरा पिस्टन वर आणला, फीलर गेजचे सगळ्यात पातळ पान एक्झॉस्टच्या टॅपेटखाली घालून पाहिले. जाईना. फटच उरली नव्हती, म्हणजे व्हॉल्व्ह पुरता मिटतच नव्हता. सैल टॅपेट खडखडतो म्हणून सगळ्यांना ऐकू येतो. घट्ट टॅपेट मुकाट असतो आणि मुकाटपणे व्हॉल्व्ह जाळतो. फट पुस्तकाप्रमाणे ठेवली, थरथर थोडी कमी झाली, पण कॉम्प्रेशन गेज लावले तर तिसऱ्याचा आकडा इतरांच्या कितीतरी खाली. हेड उतरवावे लागले. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका जागी नखाएवढी जळून गेली होती.

पहिल्याच दिवशी फीलर गेज लावले असते तर काम बहुधा टॅपेट सेट करण्यावर भागले असते. चार नोझल, एक पंप आणि एक फिल्टर बदलून झाल्यावर हेडचा खर्च वर आला, तो स्क्रू पिळून काढलेल्या महिन्यांचा. त्या महिन्यांत न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धूत खाली चेंबरमध्ये उतरत होते. वाढलेल्या स्लोमुळे क्लच सोडताच गाडी पुढे झेपावत होती, आणि हे अशा गल्लीत जिथे ओट्यावरून पाय खाली सोडून मुले बसतात. हे गॅरेजवाल्याला दिसत नाही, कारण गाडी त्याच्या दारातून गेलेली असते.

डिझेलच्या लाइनीत शिरणाऱ्या हवेची तपासणी तर याहून सोपी आहे. फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडा, इंजिन चालू ठेवा, बुडबुडे दिसतात का बघा. किंवा डिझेलचा स्वच्छ कॅन पंपापेक्षा उंचावर धरून इंजिन त्यावर चालवा. स्लो सरळ झाला तर दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनीत आहे. तडकलेली रबरी नळी, बँजो बोल्टचे पिचलेले वायसर, प्रायमरचा गळका सील. काही रुपयांच्या वस्तूसाठी पंप उतरवणारे लोक मी पाहिले आहेत.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. नट सैल करण्याची परीक्षा फक्त जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाडीवर करायची, तीही हात आणि डोळे सांभाळून. कॉमन रेलच्या नव्या गाडीत पाइपातला दाब हजार बारच्या वर जातो. ती धार कातडी फाडून आत शिरते, आणि बाहेरून टोचल्यासारखे दिसले तरी बोट गमवावे लागू शकते. तिथे नोझलच्या रिटर्नला बाटल्या लावून कोणता जास्त परत सोडतो ते मोजतात, स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचे काम बघतात. पण स्कॅनर आला म्हणून अंदाजबाजी गेली असे समजू नका. स्कॅनरवरचा कोड फक्त कोणत्या वाटेवर तक्रार आहे ते सांगतो. आमचे लोक कोड वाचतात, त्या नावाचा पार्ट मागवतात आणि मोकळे होतात. फिल्टर-पंपाचा खेळ आता सेन्सरवर चालतो.

दोष एकट्या गॅरेजवाल्याचा आहे असे मी म्हणणार नाही. काकांची बिले मी पाहिली. पार्टांची नावे, लेबर, पंपवाल्याची पावती, सगळे होते. तपासणीचा एक रुपया कुठेही नव्हता. कारण तो मागितला असता तर काकांनीच आवाज चढवला असता, 'नुसतं बघायचे पैसे कसले?' आम्ही व्यापारी लोक वस्तूचे पैसे देतो, डोक्याचे देत नाही. हातात नवा डबा पडला की वसूल झाल्यासारखे वाटते. दोन तास कान लावून दोष शोधणाऱ्या माणसाला आम्ही चहावर बोळवतो आणि चार नोझल विकणाऱ्याला हजारो मोजतो. मग तो नोझल विकणार नाही तर काय करील? आपण अंदाज विकत घेतो, म्हणून तो अंदाज विकतो. मालकांनो, रागवायचे तर माझ्यावर रागवा, पण हे खोटे असेल तर दाखवून द्या.

आणि हे बडोद्यात घडते याचा मला जास्त संताप येतो. सयाजीराव महाराजांनी १८९० साली या शहरात कलाभवन काढले. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख. कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड मिळावी आणि ते त्याच्या भाषेत मिळावे, हा त्यामागचा विचार होता. दादासाहेब फाळके इथे शिकले. तेच कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेले आणि आज इंजिनिअरिंगची पदवी देते. पदवीधर तिथून बाहेर पडतात, पण आमच्या पोळीत गाडी उघडणारा पोरगा उस्तादाच्या मागे उभा राहून पिळणे तेवढे शिकतो. फीलर गेज का लावायचे हे त्याला कुणी सांगितलेले नसते. गोरवा-तरसालीच्या आयटीआयनी आठवड्यातली एक संध्याकाळ अशा पोरांसाठी उघडी ठेवावी, चालू इंजिनावर, गुजरातीत आणि मराठीत. चार पाने, एक फीलर, एक कॉम्प्रेशन गेज. याला कोणते मोठे बजेट लागते?

'एवढा त्रास कशाला, मोडीत काढा ना' हा सल्लाही मी रोज ऐकतो. वाहने मोडीत काढण्याचे धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी गुजरातच्याच गुंतवणूकदार परिषदेत सुरू झाले. खासगी मालकाच्या गाडीबाबत त्याचा भर फिटनेसवर आहे. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी फिटनेस काढावाच लागतो. ज्याची गाडी नापास होते त्याने जरूर मोडीत द्यावी. पण एका घट्ट टॅपेटपायी जी गाडी धूर ओकते आहे, तिला म्हातारी ठरवून भंगारात घालणे आणि नव्या गाडीचा हप्ता गळ्यात बांधून घेणे मला पटत नाही. काकांची गाडी हेडचे काम झाल्यावर स्लोला आठशेवर सरळ उभी राहते. तिच्या मागे उभे राहिले तर डोळे चुरचुरत नाहीत. पुढच्या खेपेपासून बिलावर कोणत्या सिलिंडरची कोणती परीक्षा घेतली आणि काय निघाले ते लिहून मागा, आणि त्याचे पैसे वेगळे द्या, घासाघीस न करता.