पिकलं तर जाऊ
या आठवड्यात केदारखेड्याला मावसभावाकडे गेले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरात दिवाळीच्या सुट्टीतल्या एका तारखेभोवती पेन्सिलीचा गोल होता, खोडून पुन्हा काढलेला. त्याची धाकटी म्हणाली, ‘आत्या, सोयाबीन विकलं की समुद्र बघायला जायचंय.’ 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, हाताशी आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, तेव्हाही असाच एक गोल खोडला गेला होता. भाऊ म्हणाला, ‘पिकलं तर जाऊ, एवढंच सांगतो तिला. खोटं कशाला बोलू?’ त्याचा प्रामाणिकपणा कळतो, पण मला हे पटत नाही. आभाळाची काळजी आपली. ती लेकरांच्या डोक्यावर कशाला द्यायची? लेकराला लांबचं ‘तर’ नको, जवळचं ‘नक्की’ हवं. समुद्र राहू द्या. भोकरदन, सिल्लोडवरून अजिंठा एका दिवसात होतो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या, सोमवार तेवढा टाळा, लेणी बंद असतात. सतराव्या लेण्यात भिक्षापात्र घेऊन दारी आलेल्या बुद्धापुढे यशोधरा राहुलला उभं करते, ते चित्र पोरांना दाखवा. मूल मान वर करून बापाकडे बघतंय, दीड हजार वर्षं तसंच. आपलीही तशीच बघतात. त्यांना उत्तर सुगीनंतर नाही, याच रविवारी द्यायचं असतं. निघताना धाकटीनं रविवारभोवती गोल काढला, या वेळी पेननं.