यमकाला मोडीत काढू नका



यमकी चित्रपुस्तके म्हणजे नुसता खुळखुळा, मुलांना बोधकथाच द्याव्यात, असे गेल्या अंकातील एका पत्रलेखकाचे म्हणणे. ओढूनताणून जुळवलेल्या यमकांनी बाजार भरला आहे, ही त्यांची तक्रार रास्त. पण म्हणून सगळा प्रकारच मोडीत काढायचा?

ब्रॅडली आणि ब्रायंट यांचा १९८३चा 'नेचर'मधील अभ्यास पाहावा. चार-पाच वर्षांच्या मुलांना शब्दांतले सारखे आवाज किती ओळखता येतात, याचा पुढच्या वाचनाशी आणि शुद्धलेखनाशी संबंध असल्याचे त्यात दिसले. डॉ. स्यूस यांचे यमकी चित्रपुस्तक 'ग्रीन एग्ज अँड हॅम' (१९६०) अवघ्या ५० वेगवेगळ्या शब्दांत उभे आहे. ज्युलिया डोनाल्डसन यांना 'टायगर'ला यमक जुळेना, त्यातूनच 'ग्रफलो' (१९९९) जन्मला. आणि विंदा करंदीकरांच्या 'राणीची बाग' या बालकवितासंग्रहातले प्राणी कुणाला शहाणपण शिकवायला बसलेले नाहीत.

प्रश्न निवडीचा आहे. दुकानातच दोन पाने मोठ्याने वाचावीत. जीभ अडखळली, क्रियापद उगाच पुढे आले, 'हो', 'बरे', 'छान'ची ठिगळे दिसली, तर पुस्तक खुशाल परत ठेवावे. भाषांतरित पुस्तकांत तर हे आवर्जून तपासावे. उलट, यमकाचा दुसरा शब्द पान उलटल्यावर येत असेल आणि चित्र त्याचा सुगावा देत असेल, तर मूल तो आधीच ओरडून सांगते.

बोधकथाही त्याच पिशवीतून घरी आल्या, तर कुणाची हरकत नाही.

— एक वाचक